काचेखालच्या तारा

राजगुरुनगरात रात्री अकरानंतर पुणे-नाशिक रस्त्यावरची वर्दळ जरा विरळ होते. अशा वेळी टॅबलेटवर दोन स्वर लावून ऐकावेत. पहिला काळी एकचा षड्ज, १३८.५९ हर्ट्‌झ. दुसरा त्याच्या खालचा मंद्र पंचम, पेटीवर वाजतो तसाच, १०३.८३ हर्ट्‌झ. दोन्हींसाठी करवतीच्या दात्यांसारखी लहर निवडावी, म्हणजे त्यांच्या पोटातले उपस्वर भरपूर ऐकू येतात. क्षणभर सगळे ठीक वाटते. मग लक्षात येते की आवाजाच्या वरच्या अंगाला एक मंद लाट आहे. साधारण दर दोन सेकंदांनी ती फुगते आणि ओसरते. आता पंचमाच्या आकड्यावर बोट ठेवून १०३.८३ खोडावे आणि १०३.९४ लिहावे. लाट थांबते. दोन स्वर एकमेकांत विरघळतात आणि खोलीत कोणीतरी तानपुरा मिळवून ठेवला आहे असे वाटू लागते.

फरक एका हर्ट्‌झच्या जेमतेम दहाव्या भागाएवढा आहे. पण षड्जाचा तिसरा उपस्वर आणि पंचमाचा चौथा उपस्वर हे दोघे ४१५ हर्ट्‌झच्या आसपास शेजारी येऊन बसतात, आणि पेटीच्या पंचमात त्यांच्यामध्ये अर्ध्या हर्ट्‌झचे अंतर उरते. तेच अंतर कानाला लाट म्हणून ऐकू येते. खुंटी पिळताना गवई हेच ऐकत असतो. शाळेच्या पाटीएवढ्या काचेवर ते आकड्यांत दिसते, बोटाने बदलता येते आणि लगेच ऐकता येते, याचे मला अजून आश्चर्य वाटते.

हे ज्या साधनावर केले त्याला मॉड्यूलर म्हणतात. मॉड्यूलर सिंथेसायझर म्हणजे सुट्या भागांचे वाद्य. ऑसिलेटर हा भाग नुसता कंप निर्माण करतो. फिल्टर त्यातले काही उपस्वर गाळून टाकतो. आवाज कधी वाढवायचा आणि किती वेळात उतरवायचा, हे एन्व्हलप नावाचा भाग ठरवतो. तार छेडल्यावर आवाज एकदम उसळतो आणि हळूहळू विरतो, तो आकार याच्याकडून मिळतो. सिक्वेन्सर एकामागून एक सूचना पाठवत राहतो. हे भाग आपणहून एकमेकांशी बोलत नाहीत. त्यांच्यामध्ये तारा वाजवणाऱ्याने जोडायच्या, आणि त्या जोडणीला पॅच म्हणायचे. पेटी विकत घेतली की भाता आणि सूर यांचे नाते कारागिराने आधीच ठरवलेले असते. इथे ते नाते रोज नव्याने ठरवावे लागते.

ही कल्पना साठ वर्षांची आहे. १९६४ मध्ये अमेरिकेच्या पूर्व भागात रॉबर्ट मूग यांनी आणि त्याच सुमाराला पश्चिम किनाऱ्यावर सॅन फ्रान्सिस्कोत डॉन बुक्ला यांनी, स्वतंत्रपणे, अशी यंत्रे घडवली. दोघांच्या कामाचा गाभा एकच होता: स्वराची उंची, आवाजाचे मान, गाळणीची धार हे सगळे विजेच्या दाबाने, म्हणजे व्होल्टेजने, हलवायचे. मूग यांच्या पद्धतीत एक व्होल्ट वाढला की स्वर बरोबर एक सप्तक वर जातो. म्हणजे पेटीच्या एका पट्टीवरून शेजारच्या पट्टीवर जायला एका व्होल्टचा बारावा भाग लागतो, सुमारे ८३ मिलिव्होल्ट.

हुतात्मा राजगुरूंच्या या गावाचे जुने नाव खेड, आणि तालुका आजही खेडच म्हणवतो. दक्षिणेला काही मैलांवर चाकणची औद्योगिक वसाहत आहे, आणि तालुक्यातली कितीतरी मुले तिथे पाळ्यांमध्ये काम करतात. त्यांच्यापैकी ज्याने कंट्रोल पॅनल उघडून पाहिले आहे, त्याला मॉड्यूलर समजावून सांगायला पाच मिनिटेही लागत नाहीत. ड्राइव्हला शून्य ते दहा व्होल्ट द्यायचे आणि मोटरचा वेग शून्यापासून पूर्णापर्यंत न्यायचा, पाच व्होल्टला निम्मा वेग, हे तो रोज करतो. मोटरच्या जागी ऑसिलेटर ठेवला की तेच संगीत होते. कारखान्यातल्या सेन्सरच्या तारेतून चार ते वीस मिलिअँपिअरचा संकेत जातो. तो चारपासून सुरू होतो, कारण तार तुटली की शून्य दिसावे आणि बिघाड लगेच कळावा. मॉड्यूलरच्या जगात असा बंदोबस्त नाही. तिथे शून्य व्होल्ट हासुद्धा एक खरा स्वर आहे, म्हणून तुटलेली तार गप्प बसत नाही, चुकीचा स्वर धरून ठेवते.

भारतात हे यंत्र फार लवकर आले. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१ मध्ये स्थापन झाली, आणि १९६९ मध्ये तिथे मूगचा मॉड्यूलर सिंथेसायझर बसवला गेला. तो उभा करायला अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर आले होते. त्यामागे गीता साराभाई यांचा मोठा आग्रह होता. त्या पखवाज शिकलेल्या होत्या. १९४६ मध्ये त्या न्यूयॉर्कला गेल्या तेव्हा संगीतकार जॉन केज यांना त्यांनी भारतीय संगीत शिकवले आणि त्यांच्याकडून पाश्चात्त्य संगीताचे धडे घेतले. पैशांची देवघेव नाही, विद्येच्या बदल्यात विद्या. अहमदाबादच्या त्या खोलीत गीता साराभाई, आय. एस. माथूर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा आणि जिनराज जोशीपुरा यांनी १९६९ ते १९७२ या काळात तारा जोडून आवाज घडवले आणि फितींवर उतरवून ठेवले. पुढे त्या फिती संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या. ब्रिटिश कलावंत पॉल पुर्गस यांनी त्या शोधून काढल्या आणि २०२३ मध्ये त्यांतले निवडक ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झाले. आपल्याकडच्या संगीताच्या इतिहासात या खोलीला अजून तिची जागा मिळालेली नाही, असे मला मनापासून वाटते. तालाच्या हिशेबात मुरलेली एक बाई विजेच्या दाबाने स्वर हलवत बसली आहे, हे चित्र आपल्या मुलांच्या पाठ्यपुस्तकात असायला हवे.

मुंबईत १९८२ मध्ये चरणजित सिंग यांनी रोलंड कंपनीच्या तीन यंत्रांवर दहा रागांची तबकडी केली, तीही याच घराण्यातली. तिच्यातल्या टीबी-३०३ या छोट्या यंत्रात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे. यंत्र बनवणाऱ्यांना त्यातून बास गिटार साधायची होती. चरणजितांच्या हाती ती मींडेची धाकटी बहीण झाली.

तरीही खरे मॉड्यूलर सामान्य माणसाच्या आवाक्यात नव्हते. १९९५ च्या सुमाराला जर्मनीत डीटर डोप्फर यांनी लहान आकाराच्या मॉड्यूलची पद्धत आणली, युरोरॅक तिचे नाव. तिच्यामुळे यंत्र भिंतीवरून टेबलावर आले. पण एकेक भाग वेगळा विकत घ्यायचा, तो परदेशातून मागवायचा, वर जकात भरायची. चार तारांचा तानपुरा बांधायचा तर पंधरा-वीस भाग लागतात.

२०१० च्या एप्रिलमध्ये आयपॅड बाजारात आला आणि त्याच वर्षी कॉर्ग कंपनीने आपल्या १९७८ च्या एमएस-२० या यंत्राची प्रतिकृती त्याच्या काचेवर उतरवली, तारांसकट. बोटाने एका भोकातून तार ओढायची आणि दुसऱ्या भोकात सोडायची. मूग कंपनीने २०१६ मध्ये आपले मॉडेल १५ तसेच आणले. मात्र एक अडचण मुळातच होती. टॅबलेटमध्ये प्रत्येक ॲप आपापल्या बंद खोलीत राहते. सुरक्षेसाठी ते चांगलेच, पण एका ॲपचा आवाज दुसऱ्यात नेता येत नव्हता. २०१२ च्या डिसेंबरमध्ये ऑडिओबस हे ॲप आले आणि त्या खोल्यांना पहिली खिडकी पडली. २०१५ मध्ये ॲपलने एका ॲपच्या पोटात दुसरे ॲप उघडण्याची रीत दिली, एयूव्ही-३ नावाची. मग एयूएमसारखी ॲप निघाली, ज्यांत काहीच वाजत नाही. ती फक्त रांगा मांडतात. वर स्रोत, खाली परिणाम, शेवटी स्पीकर. एकाच ॲपच्या तीन प्रती तीन रांगांत लावता येतात.

म्हणजे टॅबलेटवर मॉड्यूलर दोन पातळ्यांवर असते. ॲपच्या आत, म्हणजे मिरॅक, ड्रॅम्बो किंवा ऑड्युलस यांच्यात, सुटे ऑसिलेटर आणि फिल्टर जोडायचे. आणि ॲप-ॲपमध्ये, म्हणजे पूर्ण वाद्ये एकमेकांना जोडायची. मिरॅकचा पाया व्हीसीव्ही रॅक या संगणकावरच्या मुक्त प्रणालीत आहे. ती अँड्र्यू बेल्ट यांनी २०१७ मध्ये खुली केली. तिच्यातले शेकडो मॉड्यूल जगभरच्या हौशी माणसांनी लिहून मोकळे सोडलेले आहेत. नव्याने शिकणाऱ्याने आतल्या पातळीपासून सुरुवात करावी, असे माझे मत आहे. तयार वाद्ये जोडत बसले की आवाज लवकर भरतो, पण तो कुठून आला हे कळत नाही.

आता तानपुरा. इलेक्ट्रॉनिक तानपुरा आपल्याकडे घरोघर आहे, आणि टॅबलेटसाठी तयार तानपुऱ्याची उत्तम ॲपही आहेत. रियाजाला तीच वापरावीत. पण तानपुरा स्वतः जोडून पाहिला की तो कसा बोलतो ते समजते, म्हणून हा खटाटोप.

छेडलेली तार संगणकात कशी करायची, याची एक फार सुंदर युक्ती केव्हिन कारप्लस आणि ॲलेक्स स्ट्राँग यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केली. तार म्हणून काही घ्यायचेच नाही. खरखरीचा एक क्षणिक तुकडा घ्यायचा, पाऊस पडतो तसा आवाज, आणि तो एका विलंबाच्या भागात सोडायचा. तो दुसऱ्या टोकाने बाहेर आला की सौम्य फिल्टरमधून गाळून पुन्हा पहिल्या टोकाला द्यायचा. तुकडा गोल फिरत राहतो. एका फेरीला लागणारा वेळ म्हणजेच स्वराची उंची, आणि प्रत्येक फेरीत वरचे उपस्वर थोडे झिजतात, खऱ्या तारेत झिजतात तसेच. काही क्षणांत खरखर वितळून तारेचा स्वर होते. पहिल्यांदा हे ऐकले तेव्हा मी टॅबलेट बंद करून पुन्हा चालू केला होता. दुसरेच काही वाजते आहे असे वाटले.

काळी एकच्या जोडीच्या तारांसाठी फेरी ७.२२ मिलिसेकंदांची, मंद्र पंचमासाठी ९.६२ ची, खर्जासाठी १४.४३ ची. टॅबलेट आवाजाचे सेकंदाला ४८,००० नमुने घेतो, म्हणजे जोडीच्या तारेची एक फेरी ३४६ नमुन्यांहून किंचित जास्त. आणि इथे एक गमतीची गोष्ट घडते. मिरॅकसारख्या प्रणालीत दोन भाग जोडणाऱ्या प्रत्येक आभासी तारेतून जायला संकेताला एक नमुना एवढा वेळ लागतो. विलंबाच्या त्या वर्तुळात एक जास्तीची तार घातली की फेरी एका नमुन्याने लांबते आणि स्वर पाच सेंटनी, म्हणजे पेटीच्या दोन शेजारच्या पट्ट्यांमधल्या अंतराच्या विसाव्या भागाने, उतरतो. एका श्रुतीच्या हिशेबात हे फार नाही, पण तानपुऱ्यात खटकायला पुरेसे आहे. फिल्टरही थोडा वेळ खातो. म्हणून आकडा लिहून संपत नाही. शेवटी कान लावूनच मिळवावे लागते, मिरजेच्या तानपुऱ्याइतकेच.

मग छेडणे. पाच पायऱ्यांचा सिक्वेन्सर घ्यावा: पंचम, जोड, जोड, खर्ज आणि पाचवी पायरी रिकामी. खर्जाला बोलायला उसंत लागते. सेकंदाला एक पायरी पुरे.

एवढे झाले की तारा वाजतात, पण तानपुरा होत नाही. जवारी राहिलेली असते. मिरजेच्या कारागिरांचे सगळे कसब घोडीच्या त्या किंचित गोलाईत आणि तिच्यावर सरकवलेल्या दोऱ्यात असते. मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. तार त्या रुंद घोडीला हलके घासत कंप पावते आणि तिचे उपस्वर एकामागून एक उजळत जातात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये याच तंतुवाद्यांवर लिहिले. तार ज्या जागी छेडावी त्या जागेवर ज्या उपस्वराचा निश्चल बिंदू येतो तो उपस्वर उमटू नये, असा युरोपातल्या वाद्यांवरून बसलेला नियम. तानपुरा आणि वीणा तो पाळत नाहीत, हे त्यांनी दाखवून दिले. कारण घोडीचा तो स्पर्शच नवे उपस्वर जागे करतो. टॅबलेटवर याची नक्कल करायची तर वर्तुळात असा भाग घालावा लागतो की तार जोरात हलली की तिचा एका बाजूचा झोका अडेल, आणि हळू झाली की अडणार नाही. मी एक मर्यादक आणि एक हळू सरकणारा फिल्टर जोडून जवारीच्या जवळ गेलो. जवळ, एवढेच म्हणता येईल. खऱ्या तानपुऱ्यात तो स्पर्श तारेच्या लांबीवरून सरकत जातो, आणि माझ्या वर्तुळाला लांबीच नाही.

पण एक फळ मात्र पदरात पडले. मिळवलेल्या खर्जातून गांधार आपोआप ऐकू येतो, स्वयंभू गांधार म्हणतात तो. खर्ज ६९.३० हर्ट्‌झचा, त्याचा पाचवा उपस्वर साधारण ३४६.५. पेटीवरचा त्या जागेचा शुद्ध गांधार ३४९.२३. दोन्ही एकत्र वाजवले तर सेकंदाला जवळपास पावणेतीन लाटा उठतात. कोणताही कान ती कुरकुर ऐकू शकतो.

याच कुरकुरीसाठी सांगलीच्या एका माणसाने आपली निवृत्ती खर्ची घातली. कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्यातले स्वर पडताळून बावीस श्रुतींची मापे बसवण्याचा त्यांनी प्रयत्न केला आणि १९१० मध्ये त्यावर इंग्रजीत पुस्तिका काढली. पुढे अर्नेस्ट क्लेमेंट्स या इंग्रज अधिकाऱ्याच्या साथीने श्रुतींची पेटी घडवली गेली आणि १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावर वाद झडले. देवलांची सगळी गणिते सगळ्यांना पटली नाहीत. पण पेटीच्या बारा पट्ट्यांत आपला गांधार बसत नाही, हे त्यांचे दुखणे खरे होते. आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला मज्जाव केला, त्यामागच्या कारणांत हेही एक होते.

देवलांना प्रत्येक श्रुतीसाठी पितळेची वेगळी जीभ घडवून घ्यावी लागली, घासून मिळवावी लागली. मॉड्यूलरच्या भाषेत त्यांचा प्रश्न एका ओळीत मावतो. पेटीचा गांधार षड्जापासून ०.३३३ व्होल्टवर आहे आणि तानपुऱ्याचा ०.३२२ वर. मधले अंतर अकरा मिलिव्होल्ट. टॅबलेटवर तो आकडा लिहिता येतो, आणि संध्याकाळी दुसरा राग घेतला की बदलता येतो. गवयाचा गांधार मात्र आकड्यावर उभा राहत नाही, तो आधीच्या स्वरावरून येताना ठरतो, हे देवलांच्या टीकाकारांचे म्हणणे होते. त्यासाठी सिक्वेन्सर आणि ऑसिलेटर यांच्यामध्ये स्ल्यू नावाचा एक भाग बसवतात. तो व्होल्टला उडी मारू देत नाही, चालत जायला लावतो. किती वेळात चालायचे हेही दुसऱ्या व्होल्टने ठरवता येते, म्हणजे चढताना छोटी मींड आणि उतरताना लांब. हा एवढासा भाग मला मॉड्यूलरमधला सर्वांत भारतीय भाग वाटतो.

तालाचे काम त्यामानाने सोपे. आळंदी याच तालुक्यात आहे, त्यामुळे पखवाज आणि भजनी ठेका इथल्या कानांना सांगावा लागत नाही. एका घड्याळाच्या ठोक्यांना भागणारे मॉड्यूल घ्यायचे: आठाने भागले की भजनी ठेक्याची सम, साताने भागले की रूपकाची, सोळाने भागले की तीनतालाची. एकाच ठोक्यावर रूपक आणि तीनताल दोन्ही सोडले तर दोघांची सम ११२ मात्रांनी एकत्र येते, आणि ती येताना अंगावर काटा उभा राहतो, कितीही वेळा हिशेब केला असला तरी.

या साधनाची दुखणी सांगायलाच हवीत. टॅबलेट आवाज गठ्ठ्यांनी तयार करतो. २५६ नमुन्यांचा गठ्ठा म्हणजे ५.३ मिलिसेकंद उशीर, जणू स्पीकर सुमारे १.८ मीटर लांब ठेवला. तेवढे चालते. जोडणी वाढली की यंत्र दमते, आवाज तडतडतो, आणि गठ्ठा १०२४ चा करावा लागतो. मग उशीर २१ मिलिसेकंदांवर जातो आणि ठेका धरून वाजवणे अवघड होते. ब्लूटूथचे हेडफोन तर वाजवताना लावूच नयेत. आणि कार्यप्रणाली बदलली की जुनी ॲप बंद पडतात. २०१३ मध्ये ॲप-ॲप जोडायची जी रीत ॲपलने स्वतः दिली होती, ती २०१९ मध्ये त्याच कंपनीने मोडीत काढायला घेतली. म्हणून जोडणी झाली की कागदावर तिचा नकाशा काढून ठेवावा: कोणत्या भागातून कुठे तार, कोणता आकडा. मूगच्या काळातले लोकही तेच करत, कारण त्यांच्या यंत्राला आठवण नव्हती.

सध्याची माझी जोडणी अशी आहे. तानपुऱ्याचा पॅच एका रांगेत. दुसऱ्या रांगेत भीमेच्या काठावर मुद्रित केलेला पाण्याचा आवाज, जो स्पीकरला जातच नाही. तो एका अनुगामी भागाला दिलेला आहे. पाण्याचा आवाज जेवढा, तेवढे व्होल्ट तो बाहेर देतो, आणि ते व्होल्ट तानपुऱ्याच्या जवारीचा फिल्टर उघडतात. उन्हाळ्यातल्या मुद्रणावर खर्ज घुमा आणि मिटलेला राहतो. पावसाळ्यात वर चासकमान धरणातून पाणी सोडले होते, तेव्हाचे मुद्रण लावले की फिल्टर उघडत जातो, पाचवा उपस्वर वर येतो, आणि नदी स्वतः ऐकू न येता गांधार ऐकू येतो.